पदवी पदरात, हात मात्र रिते

निकालाचे दिवस आले की गावोगावी पेढे वाटले जातात. कोणी दागिना गहाण ठेवून, कोणी शेताचा तुकडा विकून मुलाला अभियांत्रिकीला घातलेले असते. तीन-चार वर्षांनी पदवी पदरात पडते आणि पहिल्याच मुलाखतीत प्रश्न येतो, "प्रत्यक्ष काय करता येते?" पदवीधर निरुत्तर होतो. त्याने अभ्यास केलेला नसतो असे नाही. ज्याची परीक्षा झाली, ते त्याला येते. मात्र ज्या कामासाठी वेतन मिळायचे, ते काम त्याने कधी जवळून पाहिलेलेच नसते.

ही खंत एखाद्या घरापुरती नाही. माहिती तंत्रज्ञान उद्योगात थेट घेण्याजोगे अभियंते शंभरात पंचवीसच आहेत, असे नॅसकॉम व मॅकिन्झी यांच्या अहवालाने 2005 मध्ये सांगितले होते. जुलै 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीने रोजगारक्षम तरुणांचे प्रमाण 51.25 टक्के असल्याचे नमूद केले. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या असल्या, तरी इशारा एकच आहे. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या दोघांपैकी एकजण कामासाठी सिद्ध नसेल, तर ज्या तरुणाईचा देशाला अभिमान वाटतो, तीच उद्या देशाची चिंता ठरेल.

या दुरवस्थेला जबाबदार कोण? उद्योजक महाविद्यालयांकडे बोट दाखवतात, महाविद्यालये विद्यापीठांकडे आणि विद्यापीठे शासनाकडे. महाविद्यालय म्हणजे एखाद्या कारखान्याची भरती शाळा नव्हे, हे खरेच आहे. आज मागणी असलेले तंत्र पाच वर्षांनी कालबाह्य होईल. विषयाचा पाया, भाषा आणि विचार करण्याची सवय मात्र जन्मभर पुरेल. तो पाया घालणे हे महाविद्यालयाचेच काम. पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जमाखर्चाच्या नोंदी वहीत अचूक करतो आणि जीएसटीचे विवरणपत्र व प्रत्यक्ष बिले यांचा मेळ घालताना अडखळतो, तेव्हा उणीव बुद्धीची नसते, अनुभवाची असते. हा अनुभव फळ्यावर शिकवता येत नाही. तो कामाच्या जागीच मिळतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने हे सत्य मान्य केले. महाराष्ट्रात 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने पदवीच्या रचनेत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला स्थान दिले. पाऊल योग्य आहे. परंतु चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे 120 तास, आठ तासांच्या दिवसाने मोजले तर जेमतेम पंधरा दिवस. तेही ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्रावर भागवले गेले, तर एका कागदात दुसऱ्या कागदाची भर पडेल, इतकेच. धोरणाची खरी परीक्षा या पंधरा दिवसांत आहे.

येथे उद्योगांनाही हात झटकता येणार नाहीत. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 पासून अस्तित्वात आहे. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे बंधन आहे. योग्य माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्याने आधी स्वतः किती जणांना शिकवले, याचा हिशेब द्यावा. शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला मजूर नव्हे, याचेही भान हवे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. भट्टीपुढे उभे राहून तरुण घडले आणि देशातील अन्य काचकारखान्यांत गेले. कारखाना हीच तेथे शाळा होती. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून, हाताने काम करता करता शिकण्याची तीच रीत ग्रामीण मुलांसाठी रुजवली.

या परंपरेला साजेसे काम आजही करता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील कारखाने, सहकारी संस्था, रुग्णालये व कार्यालये यांची यादी करून त्यांच्याशी कायमचे नाते जोडावे. विद्यार्थ्याने तेथे काय केले, याचे मूल्यमापन प्राध्यापक आणि तेथील वरिष्ठ यांनी मिळून करावे. प्राध्यापकांनीही ठरावीक काळ उद्योगात घालवावा. दीर्घ अनुभव असलेल्या व्यावसायिकांना शिकवण्यासाठी बोलावण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिलीच आहे. ती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली पाहिजे.

यांपैकी कशासाठीही नवा कायदा नको. हवी आहे ती दोन्ही बाजूंची कर्तव्यबुद्धी. शेत विकून मुलाला शिकवणाऱ्या बापाने आपला वाटा केव्हाच उचलला आहे. आता पाळी महाविद्यालयांची आणि उद्योगांची आहे.