सरकलेल्या गादीला जरा वेळ द्या

एमआरआयचं मोठं पाकीट घरापर्यंत बंद राहत नाही. सेंटरच्या जिन्यातच ते उघडलं जातं, ‘एल फोर-एल फाइव्ह डिस्क एक्सट्रूजन’ ही ओळ मोबाइलवर शोधली जाते आणि रात्रीपर्यंत नातेवाइकांत बातमी पसरते: गादी सरकली, ऑपरेशन करावं लागणार.

मुळात गादी सरकत नाहीच. दोन मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं चिवट कडं चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो नस दाबतो, शिवाय सुजवतो. मग कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलात कळ उतरते. मालिशवाल्याने ‘जागेवर बसवावं’ असं तिथे काही नसतं.

शरीर मात्र तोवर कामाला लागलेलं असतं. चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे बाहेर आलेला गर रोगप्रतिकारक पेशींना परका वाटतो. त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी येतात आणि त्याचा फडशा पाडू लागतात. गरातलं पाणीही आटतं. गंमत अशी, की चित्र जितकं भयंकर, तितकी ही शक्यता जास्त. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नुसत्या फुगलेल्या चकत्यांपैकी १३ टक्केच ओसरल्या होत्या. गर बाहेर पडलेल्यांपैकी ७० टक्के, आणि तुकडा तुटून सुटा झालेल्यांपैकी तब्बल ९६ टक्के.

म्हणून सर्जन काही खलनायक ठरत नाही. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिकाने बेजार असलेल्या २८३ जणांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या वेदना लवकर थांबल्या. थांबायला सांगितलेल्यांपैकीही ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. रोजंदारी बुडणाऱ्या रिक्षावाल्याला ते आधीचे काही महिने परवडणार नाहीत, तर त्याने ऑपरेशन निवडणं रास्तच. पण निवड करायची, तर हे आकडे त्याला ओपीडीतच कळायला हवेत. तिथे सहसा फक्त तारीख मिळते.

थांबू नयेच अशी लक्षणंही आहेत: लघवी अडणं किंवा नकळत होणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर पडणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आणि बरं वाटल्यावर ‘गादी बसली का’ हे बघायला पुन्हा एमआरआय? त्याच डच रुग्णांची वर्षभराने तपासणी झाली, तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या फोटोत बाहेर आलेली चकती दिसतच होती. बरे न झालेल्यांत हे प्रमाण होतं ३३ टक्के.