साडीचोळीची किंमत

भाऊबीजेच्या ओवाळणीचा भाव आमच्या पिंपरी-चाकण पट्ट्यात फार चढला आहे. ताटात साडीचोळी पडते आणि दिवाळी सरते न सरते तोच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर बहिणीची सही पडते. कागदात शब्द असतो ‘राजीखुशीने’. इतका खोटा शब्द मी तरी दुसरा पाहिला नाही!

१९५४ साली पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्याची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे कारखाने भोसरी ओलांडून चाकणपर्यंत गेले. कांद्या-बाजरीची जमीन गुंठ्यांनी विकू लागली. जमीन कोरडवाहू होती तोवर सातबारावर लेकीचे नाव आहे की नाही, याची फिकीर कोणाला नव्हती. संपादनाची नोटीस आली, गिऱ्हाईक दारात उभे राहिले, की मात्र सासरची बहीण एकाएकी आठवते. तिच्या सहीवाचून व्यवहार अडतो ना!

आणि तिने सही नाकारली, तर ‘घर मोडले’ म्हणून ओरड तिच्याच नावाने! बायका कोर्टाची पायरी चढतात ते हौसेने नव्हे. सांगलीकडचा मगदूम खटला पाहा. खंडाप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. १९६२ साली या विधवेला वाटणीसाठी दावा लावावा लागला. खालच्या कोर्टाने तिला चोविसावा हिस्सा दिला, उच्च न्यायालयाने चोविसांतले सात दिले. मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ साली तेथेही आईच जिंकली. सोळा वर्षे!

मी शाळामास्तर, तेव्हा ते अपूर्णांक फळ्यावर मांडतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आईला सात, दोघा मुलांना सात-सात, आणि तिघी मुलींना एकेक. भावाला सात, बहिणीला एक!

हे गणित सुधारायला अर्धे शतक लागले. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांनाही आत घेतले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले, की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ साली बाप हयात होता की नव्हता, हे पाहण्याचे कारण नाही.

कायद्याने दिले ते आम्ही साडीचोळीत परत घेतो. वर युक्तिवाद तयार! म्हणे, ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ लग्न काय भावाचे फुकट झाले? आणि हुंडा म्हणाल, तर तो १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून वाटणीत वजाबाकी करता येत नाही. म्हणे, ‘शेताचे तुकडे होतील.’ गुंठागुंठा विकणाऱ्याने हे बोलावे? म्हणे, ‘आईबापांना आम्ही सांभाळले.’ मग बापाने स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र खुशाल त्या मुलाच्या नावे करावे. सेवेचे मोल बहिणीच्या पदरातून का कापायचे?

खरे हत्यार निराळेच आहे. ‘सही दिली नाहीस, तर माहेर तुटले समज.’ या एका वाक्यापुढे भल्याभल्या लेकी नमतात. बहीण जमीन सोडत नाही; माहेरचा उंबरा विकत घेते, आणि तोही स्वतःच्याच हिश्श्याची किंमत मोजून!

खुशीने हक्क सोडण्याला कायद्याची हरकत नाही, माझीही नाही. पण खुशी ठरवायची तर आधी वारसनोंदीत तिचे नाव लागू द्या. जमिनीचा चालू भाव तिला सांगा. कागद तिच्या हाती द्या, घरी नेऊन वाचू द्या, वकिलाला दाखवू द्या. एवढे करूनही ती सोडते म्हणाली, तर ती देणगी; डोक्यावर घ्या. आणि नाही म्हणाली, तर वाटणी करा, आणि पुढच्या भाऊबीजेला तिला पहिल्याइतक्याच मायेने बोलवा. तेवढे जमत नसेल त्या भावाने ओवाळून घ्यायला पाटावर बसू नये.