निर्जन कोणाच्या लेखी?

मराठी प्रवासवर्णनांत 'निर्जन' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. निकोबारच्या दक्षिण टोकास असलेल्या ग्रेट निकोबार बेटावर जाऊन येणारे थोडे. पण जो जाऊन येतो तो अरण्याच्या हिरवाईवर पाच पाने खर्च करतो आणि तेथील माणसांस एका वाक्यात आटोपतो. ती म्हणे भोळी असतात, हसरी असतात, नारळ देतात. त्यांचे गाव कोणते, ते तेथे कसे आले, हे विचारण्याचे श्रम लेखक घेत नाही. आमचा या लेखनावर आक्षेप आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन नाही.

नऊशेहून अधिक चौरस किलोमीटरांच्या या बेटावर 2011 च्या शिरगणतीत सुमारे 8 हजार माणसे होती. त्यांत अरण्यवासी शोंपेन 229. ज्या केवड्याचे कणीस आम्ही गणपतीस वाहतो, त्याच्याच कुळातील झाडाचे फळ हे त्यांचे नित्याचे अन्न आहे. त्यांच्या अरण्यात परवान्यावाचून शिरण्यास 1956 च्या कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. हौशी प्रवाशांनी आपला कॅमेरा तेथून दूर ठेवावा. परंतु निकोबारी लोक भेटतात. 1969 पासून सरकारने वसविलेल्या माजी सैनिकांची कुटुंबेही भेटतात. त्यांत पंजाबी आहेत, तमिळ आहेत आणि मराठीही आहेत. ज्यास निर्जन म्हणावयाचे तेथे आपल्याच भाषेची घरे असावीत, ही मोठी गंमत आहे!

26 डिसेंबर 2004 रोजी समुद्र चढला. बेटाच्या दक्षिणेचे इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचले. पश्चिम किनाऱ्यावरील निकोबारी गावे वाहून गेली, आणि वाचलेल्यांस कॅम्पबेल बेच्या बाजूस राजीवनगर व नवे चिंगेन येथे आणून ठेविले. आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या, हे त्यांचे मागणे तेव्हापासूनचे आहे. गावे रिकामी दिसतात ती एवढ्यासाठी. मालक घराबाहेर काढला म्हणून घर बेवारस ठरते काय?

पण तसेच ठरत आहे. जानेवारी 2021 मध्ये गॅलेथिया उपसागराचे अभयारण्य रद्द झाले. प्रचंड चर्मकासवे जेथे अंडी घालतात तोच हा किनारा. 2022 मध्ये बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे नगर यांस मंजुरी मिळाली. त्यासाठी 130 चौरस किलोमीटर अरण्य द्यावयाचे, आणि भरपाईची झाडे लावावयाची हरियाणात! निकोबारच्या पावसाळी अरण्याची भरपाई हरियाणाच्या कोरड्या मातीत करू पाहणाऱ्या बुद्धीपुढे आमची लेखणी थांबते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेटावरील आदिवासी परिषदेने आपली पूर्वी दिलेली संमती लेखी मागे घेतली. ते पत्र आमच्या किती प्रवासवर्णनांत आले?

कोणी म्हणतील, मलाक्काची सामुद्रधुनी जवळ आहे, देशाच्या रक्षणाचा प्रश्न आहे. असेल. त्यासाठी नौदलाचा तळ 2012 पासून तेथे आहेच. गरज असल्यास तो वाढवावा, आम्ही हरकत घेणार नाही. परंतु पहारा ठेवण्यासाठी लाखांच्या वस्तीचे नगर कशाला लागते, हे कोणी समजावून सांगेल तर बरे. वसाहतीतील कुटुंबांस दवाखाना आणि बरा रस्ता हवा असेल, तर तो देण्यास एवढे अरण्य तोडावे लागत नाही.

आम्ही हे मुक्ताईनगरात बसून लिहितो, याचे कोणास नवल वाटेल. येथे वाटणार नाही. हतनूरचे धरण 1982 मध्ये झाले. त्याचे पाणी तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत चढले, तेव्हा 'बुडीत' हा शब्द आमच्या तालुक्यास कोशात पाहावा लागला नाही. आता त्या जलाशयावर थंडीत पक्षी पाहावयास पाहुणे येतात, शांततेची वाखाणणी करतात. पाण्याखाली कोणाचे शेत आहे, हे त्यांतील क्वचितच कोणी विचारतो. आम्हांस तो अनुभव असल्यामुळेच निकोबारवरील लेखनातील ती पोकळी चटकन दिसते.

कोणी वाचक त्या बेटावर जाणार असेल, तर त्याने राजीवनगरात थोडे थांबावे. तेथील म्हाताऱ्यांस त्यांच्या जुन्या गावांची नावे विचारावी, ती नीट लिहून घ्यावी, आणि लेख आमच्याकडे धाडावा. अरण्याचे वर्णन नसले तरी चालेल.