कावीळ उतरवण्यात जाणारे दिवस

३० जानेवारी २०१९ रोजी मनोहर पर्रीकर नाकात नळी घेऊन गोव्याच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडायला आले होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी त्यांची झुंज वर्षभर चालली होती. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली, सगळीकडचे उपचार झाले. १७ मार्चला ते गेले. मुख्यमंत्र्याला हे सारं मिळूनही आजार हटला नाही, तर भिवंडीत पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

हा आजार औषधाला दाद का देत नाही, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. या गाठीचा बराचसा भाग कर्करोगाच्या पेशींचा नसतोच. पेशींभोवती चिवट तंतूंचं दाट वेष्टण असतं. त्यात रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि शिरेतून सोडलेलं औषध भिवंडीच्या अंजूरफाट्यावरच्या कोंडीतल्या ट्रकसारखं वाटेतच अडकून पडतं.

मग वेष्टणच काढून टाकलं तर? उंदरांवर ही युक्ती चालली. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नवं औषध घेणाऱ्यांची तब्येत इतरांपेक्षा लवकर ढासळत होती. हे वेष्टण गाठीला काही अंशी आवरूनही धरतं, हे पुढे कळलं. संशोधकांचा असा मुखभंग दुसऱ्या कुठल्या कर्करोगाने क्वचितच केला असेल.

औषध आत पोहोचलं तरी निभत नाही. जेमसिटाबिन हे इथलं जुनं, नेहमीचं औषध. काही पेशी ते आत घेणारी दारंच कमी करतात. गाठीत मुक्कामाला असलेले जिवाणू या औषधाची मोडतोड करू शकतात, हे २०१७ मध्ये दिसलं; तपासलेल्या ११३ गाठींपैकी ८६ मध्ये जिवाणू सापडले. शिवाय नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत केरास हे जनुक बिघडलेलं असतं. त्याला रोखणारी औषधं आता कुठे येऊ लागली आहेत, पण एक वाट बंद झाली की पेशी आडवाट शोधतात. २०११ मध्ये चार औषधांच्या एकत्रित उपचाराने सरासरी आयुष्य सुमारे सात महिन्यांवरून अकरावर नेलं, तेव्हा ती मोठी बातमी होती.

म्हणून खरी आशा आहे ती वेळेवर होणाऱ्या शस्त्रक्रियेत, आणि निदान होईपर्यंत बहुतेकांच्या हातून तीच निसटलेली असते. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की आधी गळ्यात माळ, मग झाडपाला, मग पथ्य. विषाणूची साधी कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनलिका दाबली की होणारी कावीळ अशी उतरत नाही. पोट फारसं दुखत नाही, अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शौच पांढरट होते. वजन घटतं. कधी पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका साधारण दुप्पट.

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात आणि पालिकेच्या दवाखान्यांत पन्नाशीपुढच्या अशा प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी आठवड्याच्या आत झाली पाहिजे. पित्तनलिका फुगलेली दिसली, तर सीटी स्कॅन आणि परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी त्याच भेटीत हातात पडावी. आणि घरच्यांनी माळ घालायचीच असेल तर खुशाल घालावी, पण सोनोग्राफीला जाताना.