कंस काढून लिहा

आम्ही समीक्षक नाही. कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, तेही द्वितीय भाषा म्हणून. बी.एड. करताना आशययुक्त अध्यापन पद्धती शिकलो; कादंबरी कशी वाचावी हे कुणी शिकवले नाही. तरीही गेल्या दोन वर्षांत सुट्ट्यांमध्ये, एस.टी.त आणि रात्री घरची कामे उरकल्यावर चार कादंबऱ्या वाचून काढल्या. दोन उर्दू, एक हिंदी, एक मराठी. वाचून झाल्यावर जो राग मनात साठला तो इथे मांडतो आहोत. राग त्या कादंबऱ्यांवर नाही, आपल्यावर आहे. आपल्यावर म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांवर. त्यात आम्हीही आलो.

पहिली कादंबरी रहमान अब्बास यांची 'रोहज़िन'. २०१६ मध्ये आली, २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावातला असरार मुंबईत येतो, त्याच्या गावच्या जमातीच्या खोलीत राहतो, हिना नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम बसते, आणि २६ जुलै २००५ चा पाऊस दोघांना गाठतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. कोकणातही पाणी घुसले होते आणि मुंबईचा फोन लागत नव्हता. आमचे मामू गोदीत कामाला होते आणि डोंगरीतल्या अशाच एका जमातीच्या खोलीत राहत. भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची वळकटी, दर महिन्याची वर्गणी, गावाहून येणाऱ्याच्या हाती पाठवलेले तांदूळ आणि सुके मासे. ते सारे आम्ही लहानपणी ऐकलेले होते. छापील पुस्तकात ती खोली पहिल्यांदा भेटली आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ गप्प बसलो.

पण सगळेच गोड वाटले असे नाही. असरारचे गावातल्या शाळेच्या बाईंशी जे गुंतलेपण लेखकाने रंगवले आहे, ती पाने वाचताना आम्ही शिक्षिका म्हणून फार अस्वस्थ झालो. ते नाते आम्हाला आजही पटलेले नाही. मात्र अस्वस्थ होणे आणि पुस्तक लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही दुसरीही केली. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाजी, ये किताब यहाँ मत लाओ. मॅनेजमेंटवाले देखेंगे तो बात बनाएंगे." दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. लाज वाटते, पण घातले.

कव्हर का घातले? कारण याच लेखकाचे पूर्वी काय झाले ते आम्हाला ठाऊक होते. त्यांच्या पहिल्या कादंबरीवर, 'नखलिस्तान की तलाश'वर, २००५ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांना अध्यापनाची नोकरी सोडावी लागली. निर्दोष सुटका झाली ती २०१६ मध्ये. म्हणजे एका कादंबरीपायी माणसाची अकरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली. हे सारे आम्हाला पाण्यात पाहणाऱ्या परक्यांनी केले असते तर आपण मोर्चे काढले असते. त्यांच्या बाजूने आपल्या किती जमातींनी, किती अंजुमनांनी एक ठराव तरी केला?

हा झाला आपला आतला वाचक. आता बाहेरचा.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कथावाचनाचा कार्यक्रम होता. आम्ही आमची एक कथा वाचली. ईदच्या आदल्या रात्री आजी सांदण करते आहे आणि नारळाच्या दुधावरून तिचे सुनेशी वाजते, एवढीच गोष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या रांगेतले एक सद्गृहस्थ उठले आणि म्हणाले, "कथा छान आहे. पण तुमच्यातल्या तलाकच्या प्रश्नावर तुम्ही का लिहीत नाही?" सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, २०१९ मध्ये कायदा झाला, सद्गृहस्थांना हे माहीत असणारच. आमच्या कथेत तलाक नव्हता, नारळ होता. पण मुसलमान लेखिका व्यासपीठावर उभी आहे म्हटल्यावर तिने जबानी द्यायलाच हवी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्या रात्री घरी येऊन आम्ही रागारागाने ती कथा पुन्हा उघडली आणि वरमलो. नऊ पानांच्या कथेत आम्ही अकरा कंस घातले होते. वजू (नमाजपूर्वी हातपाय धुणे). सेहरी (रोज्यापूर्वी पहाटे केलेले जेवण). सांदण (तांदळाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ). आता सांदण तर कोकणातल्या हिंदू घरांतही होते! त्याला कंस कशाला हवा होता? पण हात सवयीने तिकडे गेला. कुणी न विचारता आम्ही आमच्याच घराचे दुभाषे झालो होतो. सद्गृहस्थांनी आम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले हे खरे, पण त्याआधीच आम्ही आपल्या पायांनी तिथे जाऊन उभे राहिलो होतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. मराठीत मुसलमानांच्या कविता भरपूर आहेत, वैचारिक लेख भरपूर आहेत, आत्मकथने आहेत. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर कितीतरी नवी नावे पुढे आली. पण कादंबरीची रांग आखूडच राहिली. याचे कारण प्रतिभेचा अभाव नाही. लेखात जबानी देता येते, कवितेत टाहो फोडता येतो, आत्मकथन तर शपथेवरच असते. कादंबरी मात्र पिंजऱ्यात उभे राहून लिहिता येत नाही. तिथे माणसे खोटे बोलतात, हावरटपणा करतात, चुकीच्या माणसावर प्रेम करतात. आतला वाचक म्हणतो, 'कौमची बदनामी'. बाहेरचा म्हणतो, 'बघा, हेच असे असतात'. या दोघांच्या धाकाने आपला लेखक कादंबरीच्या दारापर्यंत येतो आणि परत फिरून अग्रलेख लिहायला बसतो.

खालिद जावेद यांची 'नेमतखाना' वाचताना हे लख्ख दिसले. ही उर्दू कादंबरी २०१४ ची. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये जेसीबी पुरस्कार मिळाला. एकत्र कुटुंबात वाढलेला गुड्डू मियाँ आपली कहाणी सांगतो. घरात विशिष्ट पदार्थ शिजला की काहीतरी अशुभ घडणार हे त्याला आधीच कळते. स्वयंपाकघर म्हणजे प्रेमाचा ऊबदार कोपरा, हा आपला लाडका समज लेखकाने पार उलटा करून ठेवला आहे. वाचताना मळमळले. एका रात्री आम्ही ताट तसेच झाकून ठेवले. ही कादंबरी आम्हाला आवडली असे म्हणवत नाही, पण तिच्याविषयी आदर वाटला. कारण गुड्डू मियाँ कुणाचा प्रतिनिधी नाही. तो चांगला मुसलमान नाही, वाईट मुसलमान नाही, सच्चर समितीच्या अहवालातला आकडा नाही. तो भित्रा, पोटाचा, आठवणींनी पोखरलेला एक माणूस आहे. हे स्वातंत्र्य मराठीत आपण आपल्या एका तरी पात्राला देतो का?

कुणी म्हणेल, उर्दूवाल्यांना सोपे आहे, त्यांचा वाचक घरचाच. तर मग कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घ्या. २०१८ ची कादंबरी, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणाने उठवलेले गाव, मागे राहिलेली जनावरे, ती आणायला परत जाणारा देवाप्पा. पहिली पंचवीस पाने आम्हाला अवघड गेली. म्हशींच्या वागण्याचे, रानाचे, झाडांचे कितीतरी शब्द आम्ही कधी ऐकलेले नव्हते. लेखक थांबला नाही. त्याने आमच्यासाठी कंस घातला नाही. आम्हीच मागे मागे धावलो आणि शंभराव्या पानापर्यंत ते शब्द आमचे झाले. एक उर्दू माध्यमाची शिक्षिका पन्हाळ्याकडची बोली शिकायला एवढे कष्ट घेते, तर मराठीचा वाचक 'वजू' आणि 'सेहरी'साठी दोन पाने धीर धरणार नाही का? धरील. आपणच त्याच्यावर विश्वास टाकत नाही.

हिंदी कादंबरी होती गीतांजली श्री यांची 'रेत समाधि'. २०१८ मध्ये आली, २०२२ मध्ये तिच्या अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर भिंतीकडे तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची म्हातारी एक दिवस उठते आणि शेवटी सरहद्द ओलांडून आपल्या जुन्या अनवरपर्यंत जाते. मधली काही पाने आम्हाला पाल्हाळिक वाटली, शब्दांचा खेळ कधी कधी अति झाला. पण शेवटच्या भागात रडलो. लेखिका मुसलमान नाही. तरी तिच्या अनवरला कुणी देशभक्तीचा दाखला मागत नाही आणि तोही देत बसत नाही. तेव्हा 'आमचे दुःख आम्हीच लिहू शकतो' ही आपली नेहमीची तक्रारही जरा तपासून घ्यायला हवी. प्रश्न जन्माचा कमी आणि लिहिणारा कुठे उभा आहे याचा जास्त आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आमचे एक मित्र, चांगले कवी, आम्हाला म्हणाले, "घर जळत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या कादंबऱ्या मागता?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला एका नोकरदार मुसलमान तरुणाला जमावाने मारून टाकले, तेव्हा आमच्याही घरी कितीतरी दिवस संध्याकाळी पोरांची वाट पाहणे सुरू होते. अशा वेळी लेख हवेत, कोर्टात वकील हवेत, रस्त्यावर माणसे हवीत. पण मित्राने एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. ती भीती घरातल्या कुठल्या खोलीत राहते? स्वयंपाकघरातच राहते. २०१५ च्या गोवंश कायद्यानंतर आम्ही पाहिले आहे, मुलगा कोकण रेल्वेने निघाला की आई डब्यातले साधे मटण काढून घेते आणि बटाट्याची भाजी भरते. मटणाला कुठल्याही कायद्याची बंदी नाही. तरी ती काढून घेते. मुलगा चिडतो, ती गप्प राहते. मग रात्री ते मटण घरात कुणी खात नाही. यावर लेख लिहिला तर दोन ओळी होतील. कादंबरी लिहिली तर त्या आईचे माहेर, तिची जीभ, तिचे मुलाशी वर्षानुवर्षांचे भांडण, सगळे येईल. आणि शेजारच्या कुळकर्णीकाकूही येतील, कारण वाळवणे एकाच गच्चीवर घातली जातात.

आपल्याकडे हे पूर्वी झालेले आहे. हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ ची. नायक मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि गावातले जुने ताण एकेक करून पेट घेतात. त्यात मुसलमान घरांतले उणेदुणेही आहे आणि गावचेही. दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि तेव्हापासून आपण सुधारक दलवाईंशीच भांडत आलो. कुणी त्यांना डोक्यावर घेतले, कुणी वाळीत टाकले. कादंबरीकार दलवाईंना मात्र दोन्ही बाजूंनी कपाटात ठेवले. त्यांचे विचार पटोत वा न पटोत, 'इंधन' वाचा आणि मग सांगा, साठ वर्षांत तिच्या शेजारी ठेवता येतील अशा किती कादंबऱ्या आपण लिहिल्या. आम्ही बोटे मोजायला बसलो. एक हात पुरला.

यंदा नववीच्या वर्गात आम्ही 'अक्षरभारती' बाजूला ठेवून एक तास मुलींना सांगितले, आपल्या घरच्या स्वयंपाकघरावर एक पान मराठीत लिहा, कंस न घालता. एकीने उठून विचारले, "टीचर, नेमतखाना को मराठी में क्या लिखूँ?" तिच्या घरी जाळीचे जुने लाकडी कपाट आहे. आम्ही म्हटले, "नेमतखानाच लिही." तिने लिहिले. त्या पानात नेमतखान्याच्या किल्लीवरून तिच्या दादीचे आणि अम्मीचे जे राजकारण चालते ते असे उतरले होते की आम्ही ते पान जपून ठेवले आहे. शुद्धलेखनाच्या चुका चौदा होत्या. त्या दुरुस्त होतील.

वाचकहो, आमच्या मागण्या साध्या आहेत. संपादकांनी पुढच्या अंकासाठी कवितांची पाने थोडी कमी करावीत आणि लिहिल्या जात असलेल्या कादंबरीची प्रकरणे मागवावीत. आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत 'इंधन' आणि 'रोहज़िन' मोठ्यांच्या कपाटात तरी उघडपणे असाव्यात. कुणी आपल्या घरातले काही लिहिले तर जमातीच्या बैठकीत त्याचा हिशेब मागू नये. आणि लिहिणाऱ्यांनी आजच्या आज आपले एक हस्तलिखित काढून त्यातले कंस खोडावेत. आम्ही आमचे अकरा खोडले आहेत. 'रोहज़िन'वरचे वर्तमानपत्रही काढले आहे. शाळा उघडल्यावर ती तशीच घेऊन स्टाफरूममध्ये बसणार आहोत.