औषधातून आलेला आजार

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कामगाराला ताप आला की त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. रोज बुडवून सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावयाचे, अथवा वाटेवरच्या औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या घेऊन पुन्हा कामाला लागावयाचे. तो बहुधा दुसरा मार्ग पत्करतो. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. हा मजुरीचा हिशेब आहे. मात्र त्या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो आणि तो प्रसंगी प्राणांपर्यंत जातो.

माणसाच्या मोठ्या आतड्यात असंख्य उपकारक जिवाणू असतात. प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर त्यांचाही संहार करते. मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू फोफावतो व त्याच्या विषाने आतड्याचा दाह होतो. प्रतिजैविकांनंतर उद्भवणाऱ्या तीव्र दाहाचे मूळ या जिवाणूत आहे, हे 1978 साली स्पष्ट झाले. गोळ्या चालू असताना अथवा संपल्यावर काही आठवड्यांत पातळ जुलाब, पोटदुखी व ताप सुरू होतो. दाह विकोपाला गेल्यास आतडे फुगते, फाटतेही. वृद्धांना धोका अधिक असतो. गोळ्यांनंतर होणारे बहुतेक जुलाब सौम्य असतात, हे खरे. परंतु ते थांबविण्यासाठी पुन्हा दुकानातूनच गोळी आणली, तर खरा आजार झाकला जातो आणि बळावतो.

कायदा नाही असे नाही. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. मार्च 2014 पासून त्यांतील अनेक प्रभावी औषधे ‘एच-1’ अनुसूचीत आली; विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांची नावे नोंदवून ती नोंद 3 वर्षे जपावयाची असते. तरीही गोळ्या सुट्या मिळतात. केवळ विक्रेत्याला दोष देऊन मात्र भागणार नाही. गरज नसताना चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर आणि खप वाढविण्यासाठी त्यांच्या दारी माणसे धाडणाऱ्या कंपन्याही या साखळीत आहेत.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दुकानाची खिडकी बंद केली आणि दवाखान्याचे दार उघडले नाही, तर गरिबाने जावे कोठे? आक्षेप रास्त आहे. राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला आजारपणात सुमारे 70 टक्के वेतन वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. परंतु 10 हून कमी कामगार असलेल्या गाळ्यावर ही योजना सामान्यतः बंधनकारक नसते. ज्याला आजारी पडण्याची सवड नाही, त्याला औषधाच्या विवेकाचे पाठ देणे ही क्रूर थट्टा होय.

म्हणून मागणीही जोडीनेच केली पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने विक्रीच्या नोंदी तपासाव्यात. 2002 साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेने कामगार वस्त्यांत पाळी सुटल्यावर उघडे राहणारे दवाखाने चालवावेत. लहान गाळ्यांतील कामगारांनाही विम्याचे संरक्षण मिळावे. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीत एवढे तरी सांगावे: चिठ्ठीविना प्रतिजैविक घेऊ नका, डॉक्टरांनी दिलेले आपल्या मनाने सोडू नका, जुलाब लागल्यास कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या, हे त्यांना आवर्जून सांगा.

आतड्याचा दाह डॉक्टर बरा करतील. रोज बुडण्याचे भय दूर करणे हे मात्र चळवळीचे काम आहे.