शेवटच्या सायकलची विश्रांती

महाडहून रत्नागिरीला सायकलने निघालेल्या आमच्या जथ्याचा तिसरा दिवस दापोली ते गुहागर असा होता. पल्ला पन्नास किलोमीटरच्या आतला, पण कोकणात किलोमीटर मोजून काही कळत नाही, चढ मोजावे लागतात.

आम्ही बारा जण होतो. बहुतेक उर्दू शाळांतले शिक्षक, कॉलेजातली दोन मुले, आणि आपल्या भावासोबत आलेल्या एक आपा. आपांचे वय पन्नाशीपुढचे, एका गुडघ्याची तक्रार जुनी. निघतानाच एकाला अमीर नेमले होते. अमीरांनी नियम घातला की एक जण पाळीपाळीने सर्वांत मागे राहील, आणि फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कोणी पुढे जाणार नाही. प्रवासात हुजूर (स.) काफिल्याच्या मागे राहत आणि थकलेल्यांना सोबत घेत, हे अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आले आहे. त्याचीच ही आठवण.

दाभोळकडे उतरताना ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, रिम तापते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. खाली आदिलशाही काळातली दगडी शाही मशीद आहे. हजला निघालेल्या एका शाहजादीची वाट समुद्रात धोका असल्याने इथेच अडली आणि सफरीचा पैसा तिने या मशिदीला लावला, असे सांगतात. आपा तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

जोहर गावातल्या जमातीसोबत पूर्ण चार रकात झाली. आमच्यातले कोकणी भाऊ शाफई, त्यांनी लगेच असरही कसर करून घेतली. आम्ही घाटावरचे हनफी, आमची असर वेळ झाल्यावर. यावर कोणी वाद काढला नाही, हे लिहून ठेवावेसे वाटते.

फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि समोर खडा चढ. तरुण पोरे भराभर वर गेली. आपा उतरून सायकल ढकलू लागल्या. मागची पाळी ज्यांची होती, तेही उतरून त्यांच्यासोबत चालले.

वर सड्यावर पुढचे वीस मिनिटे थांबले होते. पाणी पिऊन, खजूर खाऊन ताजे झाले होते. आपा पोहोचल्या तसे एक पोरगा पायडलवर पाय ठेवून म्हणाला, "चला, सगळे आले." अमीरांनी त्याला खाली उतरवले. "बेटा, तुझा आराम झाला. त्यांचा आता सुरू होतो."

थांबून वाट पाहिली म्हणजे आपण माणुसकी केली असे पुढच्यांना वाटते. पण शेवटचा येताच काफिला हलला, तर सर्वांत थकलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. तो दर टप्प्याला आणखी मागे पडतो आणि मग "यांच्यामुळे उशीर होतो" असा बोल त्याच्याच माथी येतो. वृद्ध आईवडिलांना उमऱ्याला नेणाऱ्यांनी आणि शाळेची सहल काढणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. विश्रांतीचे घड्याळ शेवटच्या माणसापासून सुरू करायचे.

पोराचे म्हणणेही अगदी खोटे नव्हते. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडतो आणि वळणांवर मोठ्या गाड्या येतात. म्हणून अमीरांनी वेळ दुसरीकडे वाचवली. आपांचे सामान पोरांच्या कॅरियरवर बांधले आणि चहाचा थांबा रद्द केला. चहा रद्द झाल्याचे दुःख मात्र सर्वांत जास्त शिक्षकांनाच झाले! आपांना मीठ-साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटे बसवले. तेवढ्यात आम्ही हनफींनी जांभ्याच्या कातळावर चादर टाकून असर पढली. शाफई भाऊ सायकलींवर नजर ठेवून होते.

पुढे आपा सर्वांच्या पुढे आणि बाकीचे त्यांच्या चालीने मागे, अशी रांग लावली. गुहागरात शिरलो तेव्हा मगरिबची अजान होत होती.

रात्री गुडघ्याला पट्टी बांधता बांधता आपांनी दुसऱ्या दिवशीचे विचारले. तवसाळहून जयगडची फेरी, आणि पुन्हा चढ. "मग मागची पाळी माझी लावा," त्या म्हणाल्या, "तशीही मी तिथेच असते."